नोकरी सोडून जपानी शिकतोय, पुढे सरकतोय हे ओळखायचं कसं?

गेजवाला (चिंचवड)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय. लांबेल, सांभाळून घ्या.

वय ३७, डिप्लोमा मेकॅनिकल. भोसरीत एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत १४ वर्षं क्वालिटीत काढली. इनकमिंग इन्स्पेक्शनला लागलो, शेवटी कस्टमर कम्प्लेंट बघत होतो. आमच्याकडे जपानी कस्टमरची माणसं ऑडिटला यायची, त्यांच्यासोबत पुण्याच्याच एक दुभाषी बाई असायच्या. एकदा एका ब्रॅकेटच्या रिजेक्शनवरून दोन तास वाद पेटला होता. बाईंनी दोन्ही बाजूंना हाताने थांबवलं आणि ड्रॉइंगवर बोट ठेवून म्हणाल्या, "तुम्ही या भोकाबद्दल बोलताय आणि ते त्या भोकाबद्दल." पाच मिनिटांत विषय मिटला. त्या दिवशी गाडीवरून घरी येताना मनाने घेतलं, की मला हे काम करायचंय.

जपानीच्या जेएलपीटी परीक्षेच्या पाच पातळ्या असतात, एन-५ सगळ्यात सोपी आणि एन-१ सगळ्यात अवघड. डिसेंबर २०२२ ला एन-५ झालो, जुलै २०२३ ला एन-४. दोन्ही नोकरी सांभाळून, पहिली पाळी सुटली की क्लास. एन-३ मात्र पाळ्यांमध्ये बसेना, म्हणून फेब्रुवारी २०२४ मध्ये राजीनामा दिला. बायको पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. तिच्या पगारावर घर चालतं, घराचा हप्ता माझ्या साठवलेल्या पैशांतून जातो.

जुलै २०२४ ला एन-३ दिली. एकूण ९८ आले. पास व्हायला १८० पैकी ९५ पुरतात, पण तिन्ही भागांत ६० पैकी किमान १९ लागतात आणि मला ऐकण्यात १६ होते. डिसेंबरला परत बसलो. निकाल जानेवारीच्या शेवटी लागला. एकूण १०४, ऐकण्यात १८.

एका गुणाने गेली. निकालाचं पान त्या रात्री मी मोबाईलवर किती वेळा उघडलं असेल याचा हिशोब नाही.

ज्या पोराला मी मायक्रोमीटर हातात धरायला शिकवलं तो आता डेप्युटी मॅनेजर आहे. मला त्याचा आनंदच आहे, पण त्याचा फोन आला की मी तो लगेच उचलत नाही. सासरे फार चांगले आहेत, भेटले की फक्त एवढंच विचारतात, "झालं का?" मुलगी चौथीत आहे. तिने परवा विचारलं, "बाबा, तू कितवीत आहेस?" मला उत्तर देता आलं नाही.

प्रोत्साहनाचे व्हिडिओ कृपया पाठवू नका. क्लासमधले मित्र म्हणतात, केलेल्या प्रगतीचं कौतुक करायला शीक. मी मनापासून विचारतोय, कशाचं कौतुक करू? रोज सहा तास बसतो, वहीत तास लिहितो. नोकरी सोडल्यापासून १,५०० च्या वर तास झाले. ती बेरीज बघून धीर यायच्या ऐवजी मी आणखी खचतो. एवढे तास घालून ऐकण्यात १८?

ज्यांनी मधल्या वयात काम बदललं, त्यांनी हा मधला काळ कसा काढला?

शाईपेन (पुणे)

तुमचा धागा वाचला आणि हातातलं काम बाजूला ठेवलं. मी या वाटेने गेले आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

सातारा जिल्ह्यात एका पतसंस्थेत ११ वर्षं काउंटरवर होते. ३४ व्या वर्षी सोडलं आणि पुण्याला आले. आज मी यंत्रांच्या मॅन्युअलचं जपानीतून इंग्रजी आणि मराठी करते, घर त्यावर चालतं. एन-२ तिसऱ्या खेपेला झाले. दोनदा नापास झाल्यावर माणूस आतून कसा होतो ते मला कोणी सांगायला नको.

पहिली गोष्ट, ती तासांची वही आजच्या आज बंद करा. तास म्हणजे तुम्ही चुलीत घातलेली लाकडं. भाकरी किती झाल्या ते त्यातून कळत नाही. मीही तास लिहायची. ज्या महिन्यात तास जास्त भरले त्या महिन्यात मी सगळ्यात रडकी असायचे, कारण मनाने बेरजेच्या बदल्यात काहीतरी मागितलेलं असायचं.

आता माझं काय झालं ते सांगते. २०१६ साली एन-२ दुसऱ्यांदा गेली. दिवाळीची साफसफाई काढली होती, माळ्यावर पहिल्या वर्षाची वही सापडली. दोनशे पानी, कोपरे दुमडलेले. हिरागाना या जपानी लिपीतल्या प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर लाल पेनाने देवनागरी लिहिलेलं. मधलं एक अख्खं पान काताकाना या दुसऱ्या लिपीतल्या 'शि' आणि 'त्सु' यांनी भरलेलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, ही दोन अक्षरं जुळ्या बहिणींसारखी दिसतात. एकीत छोट्या रेघा आडव्या कलतात आणि मोठी रेघ खालून वर जाते, दुसरीत छोट्या रेघा उभ्या आणि मोठी वरून खाली येते. मी त्या पानावर प्रत्येक रेघेला बाण काढले होते, आणि तरी खाली लिहिलेल्या दहा शब्दांपैकी सहा चुकले होते. त्याच पानाच्या तळाशी पेन्सिलीने लिहिलं होतं, "हे मला कधीच जमणार नाही."

मी त्या पानाकडे बघत फळीवर बसून राहिले. ती दोन अक्षरं मी आता दिवसातून हजार वेळा वाचते आणि मला कळतही नाही की मी ती वाचली. जे जमतं ते दिसेनासं होतं, गेजवाला. अंगात मुरलं की ते आपल्याला ओझं वाटत नाही, आणि ओझं वाटत नाही म्हणून ते आपण मिळवलंय हेही ध्यानात राहत नाही. समोर कायम फक्त न जमलेलंच उभं असतं. त्यामुळे शिकणाऱ्याला रोज आपण शून्यावर आहोत असंच वाटणार. तुमचं मन कमकुवत आहे म्हणून हे होत नाही, शिकण्याचा स्वभावच तसा आहे. म्हणून अवघड वाटत होतं तेव्हाचा पुरावा जपून ठेवावा लागतो.

त्यानंतर मी असं केलं. ऐकण्याच्या सरावातले दीड-दोन मिनिटांचे चार तुकडे निवडले. महिन्याच्या एक तारखेला त्यातला एकच तुकडा, परीक्षेत ऐकवतात तसा फक्त एकदा ऐकायचा, आणि जे कळलं ते मराठीत कागदावर लिहायचं. तारीख घालून पाकिटात. आधीचा कागद लिहून होईपर्यंत बघायचा नाही. चार तुकडे फिरते ठेवले म्हणजे एकेकाची पाळी चार महिन्यांनी येते, पाठ होत नाही. माझ्याकडे ते कागद अजून आहेत. एका तुकड्यात बाई दुकानात फोन करून वेळ बदलून घेते. माझा पहिला कागद असा आहे: "बाई. फोन. गुरुवार? काहीतरी जमणार नाही." चार महिन्यांनी: "गुरुवारची वेळ शुक्रवारी हवी आहे, दुकानदार नाही म्हणतो." आणखी चार महिन्यांनी: "शुक्रवारी दुकान बंद, म्हणून शनिवारी सकाळी, पण पावती आणायची. बाईला शनिवार पसंत नाही, तोंडाने हो म्हणते." ते शेवटचं वाक्य लिहिलं तेव्हा मी उठून घरात एक चक्कर मारली. शब्दांच्या मागचा सूर मला ऐकू आला होता.

दुसरी खूण म्हणजे चुकांची जात. सुरुवातीला मॅन्युअलच्या सरावात एक वाक्य होतं, "आबुरा ओ सासानाकेरेबा नारिमासेन". मी लिहिलं, "तेल घालू नये". शिकवणाऱ्या बाईंनी त्यावर लाल गोल केला आणि बाजूला लिहिलं, "यंत्र जळेल." शब्दशः ते आहे "तेल घातलं नाही तर होणार नाही", म्हणजे घालायलाच हवं. दोन नकार मिळून सक्ती होते आणि मी पहिला नकार पकडून पळाले होते. दीड वर्षानंतर त्याच बाईंच्या लाल शेऱ्यांत "अर्थ उलटा" हा शेरा एकदाही नव्हता. "अर्थ बरोबर, वाक्य जड" असे शेरे भरपूर होते. चुका मोजल्या असत्या तर तेवढ्याच भरल्या असत्या. पण त्यांची जात वेगळी होती, आणि कोणी तुम्हाला काम देईल की नाही ते जातीवर ठरतं. तुमच्या जुन्या चाचण्या काढा आणि चुकांना नावं द्या.

आणि कौतुक करा, पण खोटं करू नका. "आज बसलो, शाब्बास" असलं मला कधी लागू पडलं नाही. मन फार हुशार असतं, त्याला खोटं नाणं लगेच कळतं. काल येत नव्हतं ते आज कोणाच्या मदतीशिवाय आलं, एवढं असेल तरच लिहायचं. मग आठवड्यात एकच ओळ होते, पण ती ओळ खणखणीत असते.

माझी सगळ्यात आवडती ओळ एसटीच्या तिकिटाच्या मागे लिहिलेली आहे. स्वारगेटहून साताऱ्याला जात होते. शेजारची बाई पोराला म्हणाली, "एवढा घास खाऊन टाक बरं." आणि माझ्या मनात आपोआप "ताबेते शिमाउ" उमटलं. भाषांतर केलं नव्हतं, ते आपलं आपण आलं. मराठी माणसाला हे किती जवळचं आहे बघा. लिहून ठेवणं म्हणजे 'काइते ओकु', खाऊन बघणं म्हणजे 'ताबेते मिरु'. ठेवणं, बघणं, टाकणं ही आपली क्रियापदं जशी दुसऱ्या क्रियापदाच्या पाठीवर बसतात तशीच त्यांचीही बसतात. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हे घोकावं लागतं, तुमच्याकडे आईच्या दुधाबरोबर आलंय. ते तिकीट माझ्या डिक्शनरीत आहे, शाई आता फिकट झालीय.

आइचीकर (नागोया)

शाईपेन ताईंनी मुळातलं सांगितलं आहे. मी फक्त तुझ्या धंद्याच्या भाषेत बोलतो, मित्रा, कारण मीही क्वालिटीतलाच.

तू १४ वर्षं मोजमापात काढलीस. मग मला सांग, वर्षातून दोनदा होणाऱ्या परीक्षेने रोजची प्रगती कशी मोजणार? त्या मापाचा लीस्ट काउंटच, म्हणजे मोजता येणारा सगळ्यात छोटा भागच, सहा महिन्यांचा आहे. शाफ्टचा व्यास फूटपट्टीने मोजून "काही फरक नाही" असा शेरा मारणाऱ्या पोराला तू काय सांगितलं असतंस? बारीक माप हवं. ताईंचे महिन्याचे कागद हे बारीक माप.

दुसरं, या परीक्षेचे गुण स्केल केलेले असतात, पेपर सोपा-अवघड झाला तरी दोन वेळचे गुण शेजारी ठेवून बघता येतात. १६ चे १८ झाले आणि एकूण ९८ चे १०४. एवढ्यावरून ट्रेंड म्हणणार नाही, दोनच रीडिंग आहेत. पण "कुठेच पोचलो नाही" असं तर ही दोन रीडिंगही म्हणत नाहीत.

तिसरं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तुला वाटतंय १४ वर्षं मागे टाकली. इथे आमच्या प्लांटमध्ये भारतातून साहित्य शिकून आलेले, एन-२ झालेले लोक मी बघितलेत. मीटिंगमध्ये 'बारी' आला की गप्प होतात. बारी म्हणजे बर, धातू कापल्यावर कडेला राहणारी धारदार कड. 'किझु' म्हणजे ओरखडा, 'सुम्पो' म्हणजे माप, 'झुमेन' म्हणजे ड्रॉइंग, 'फुर्यो' म्हणजे डिफेक्ट. शब्द पाठ करता येतात, पण बर कशामुळे येतो, पंच झिजला की क्लिअरन्स वाढला, हे त्यांना कोण शिकवणार? तुझ्या त्या दुभाषी बाईंनी भोक ओळखलं ते ड्रॉइंग वाचता येत होतं म्हणून. तुला ते आधीच येतं. तू नव्याने पहिलीत बसलेला नाहीस.

ऐकण्याबद्दल एक सांग, कुठल्या प्रकारात जातात? माझा अंदाज आहे शेवटच्या 'सोकुजि ओतो'त. एक वाक्य ऐकवतात, तीन उत्तरं ऐकवतात, कागदावर काहीच छापलेलं नसतं. तिथे विचार करायला बसलास की पुढचं वाक्य निघून जातं.

नदीकाठ

वरचे दोन्ही प्रतिसाद मनापासून पटले. तरी एक वेगळी बाजू मांडतो, गैरसमज नसावा.

मी मेडिकल रिप्रेझेंटेटिव्हची नोकरी सोडून दोन वर्षं जर्मन शिकलो आणि परत जुन्या कामावर गेलो. आज समाधानी आहे, जर्मन अजून वाचतो. माझी चूक एवढीच झाली की मी बायकोबरोबर बसून आकडा ठरवला नाही. शिल्लक किती उरली की थांबायचं हे ठरलेलं नसल्यामुळे रोज सकाळी उठून तोच प्रश्न नव्याने डोक्यात यायचा, आणि त्या भीतीत छोट्या यशाचा आनंद घ्यायला जागाच उरायची नाही. आकडा ठरला की तोवरचे दिवस तुमचे स्वतःचे होतात.

आणि घरच्यांना काहीतरी दाखवत जा. त्यांना फक्त निकालाचं पान दिसतं. सासरे "झालं का" विचारतात कारण दुसरं काय विचारायचं हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही.

गेजवाला (चिंचवड)

सगळ्यांचे मनापासून आभार. दहा दिवसांनी लिहितोय, कारण आधी करून बघायचं होतं.

ताई, तासांची वही बंद केली. पाकीट सुरू केलं. जुने कागद माझ्याकडे नव्हते, पण एक गोष्ट सापडली. एन-४ च्या वेळी सरांनी मोबाईलवर दिलेली एक फाईल होती, स्टेशनवर दोघं जण भेटायची जागा ठरवतात. तेव्हा मी पुस्तकाच्या कडेला लिहिलं होतं, "चार शब्द कळले, बाकी आगगाडी." परवा स्वयंपाकघरात भांडी लावता लावता ती लावली. मधेच हात थांबला. तो माणूस म्हणतो की उत्तरेच्या फाटकापाशी ये, आणि ती म्हणते की तिथे काम चालू आहे, मागच्या वेळी तूच तिथे चुकला होतास. मला हसू आलं. विनोद कळला म्हणून हसू आलं, हे नंतर लक्षात आलं. ताटं तशीच ठेवून मी ओट्याला टेकून उभा राहिलो.

चुकांना नावंही दिली. आइचीकर, तुमचा अंदाज बरोबर निघाला. घरी सोडवलेल्या सहा सराव परीक्षांत ऐकण्यातल्या चुकांपैकी निम्म्याहून जास्त सोकुजि ओतोत आहेत. पहिल्या तीन परीक्षांत संभाषणातला मुद्दाच निसटायचा, शेवटच्या तीनमध्ये मुद्दा जवळजवळ कुठेच निसटलेला नाही. एकाच स्टेशनवर रिजेक्शन येतंय म्हटल्यावर माझं डोकं एकदम शांत झालं. सगळी लाइन खराब आहे असं वाटत होतं, ती तशी नाही. आता रोज वीस मिनिटं फक्त तेवढंच, विचार न करता लगेच बोट ठेवायचं.

नदीकाठ, रविवारी बायकोबरोबर बसलो. आकडा ठरला. ठरवताना ती म्हणाली की तिला गेले सहा महिने हेच विचारायचं होतं, पण मला वाईट वाटेल म्हणून गप्प होती. त्या रात्री बऱ्याच दिवसांनी झोप लागली. डिसेंबर २०२५ पर्यंत गाडी चालते. जुलैला एन-३ परत देणार, आणि दरम्यान आठवड्यातून दोन दिवस इन्स्पेक्शन रिपोर्टचं काम करण्याबद्दल एका छोट्या ट्रान्सलेशनवाल्यांशी बोलणं चालू आहे. त्यांनी नमुना म्हणून एक पान दिलं होतं. डायमेन्शन, टॉलरन्स, रिमार्क. जपानी मला पूर्ण येत नव्हतं, पण रिपोर्ट वाचता येत होता. दोन ठिकाणी मूळ जपानीतच आकड्याची चूक होती, ती मी खाली लिहून पाठवली.

सासऱ्यांना स्टेशनची फाईल ऐकवली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकली आणि म्हणाले, "हा काय म्हणाला मघाशी?" मी वाक्य वाक्य थांबवून सांगितलं. मुलगी शेजारी बसून ऐकत होती.

आइचीकर, एक विचारायचं राहिलं. 'बारी' काताकानातच लिहितात ना? आणि त्या नमुन्याच्या पानावर 'बारी' नंतर 'तोरि' असं होतं, मी ते बर काढणे असं घेतलंय. बरोबर आहे का?

आइचीकर (नागोया)

काताकानातच. आणि हो, 'बारितोरि' म्हणजे डीबरिंग. तुमच्याकडे ते काम कानशीने करायचे की टंबलिंगने (ड्रममध्ये घोळवून), तेही लिही. त्याचेही शब्द देतो.